कार्यक्रमाच्या क्लिप जोडून प्लेअरवर चालणारी डीव्हीडी

लग्नाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या एमपी४ फाइल नुसत्या डिस्कवर कॉपी केल्या, तर संगणकावर चालतात आणि गावाकडच्या जुन्या प्लेअरवर अडतात. त्या प्लेअरला एमपेग-२ व्हिडिओ लागतो: ७२० × ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. हे झालं पाल, भारतात चालणारी टीव्ही-चित्राची पद्धत. डिस्क अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर तिकडची एनटीएससी पद्धत निवडा (७२० × ४८०, २९.९७ फ्रेम).

तीन मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम होतं: जोडायला अव्हीडेमक्स, डीव्हीडी रचायला डीव्हीडीस्टायलर आणि बर्न करायला, म्हणजे डिस्कवर लिहायला, आयएमजीबर्न (हे फक्त विंडोजवर). तिन्ही अधिकृत साइटवरूनच घ्या. फाइलची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि ड्राइव्हवर १५ जीबी तरी जागा मोकळी असू द्या.

आधी जोडणी. मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीचं असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून कॅमेरा एकाच कार्यक्रमाचे तुकडे पाडतो. अव्हीडेमक्समध्ये पहिला तुकडा ओपन करा, पुढचे फाइल मेनूतल्या अपेंडने क्रमाने घ्या. डावीकडे व्हिडिओ आउटपुट आणि ऑडिओ आउटपुट दोन्ही ‘कॉपी’वरच राहू द्या, आउटपुट फॉरमॅट एमकेव्ही करा आणि सेव्ह करा. इथे एन्कोडिंग (व्हिडिओचं नव्याने रूपांतर) होत नाही, त्यामुळे तासाभराचा व्हिडिओही झटपट जोडला जातो आणि चित्राला धक्का लागत नाही. नको असलेला भाग कापायचा असेल तर वर-खाली बाणांनी की-फ्रेमवर (पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) जाऊनच कापा. मधेच कापलं तर त्या जागी चौकोन-चौकोन दिसतात.

अपेंड नाकारलं, तर दोन फाइलच्या चित्राचा आकार किंवा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) वेगळा आहे: एक १९२० × १०८०, दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली बारकी. अशा वेळी जोडायचा हट्ट सोडा. डीव्हीडीस्टायलरमध्ये त्या वेगवेगळ्या टायटल म्हणून टाका, प्रत्येकीचं रूपांतर ते स्वतंत्रपणे करतं.

फोनच्या व्हिडिओत खरी डोकेदुखी वेगळीच असते. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. सुरुवातीला सगळं जुळतं आणि अर्ध्या तासाने मंगलाष्टकं पुढे, ओठ मागे. अशी फाइल आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा: व्हिडिओ टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, वेग मूळचाच (बहुतेक ३०), क्वालिटी आरएफ १८ (आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं). हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही आणि फाइल जोडतही नाही, ते इथे एवढ्याचसाठी. ३० फ्रेमचा व्हिडिओ पालमध्ये नेला की सेकंदाला ५ फ्रेम गळतात, नाचाच्या दृश्यात गचके जाणवतात. भारतातले बहुतेक प्लेअर एनटीएससीही चालवतात, तेव्हा सगळं चित्रण फोनचं असेल तर तोही पर्याय आहे. मात्र जुन्या चित्रनळीच्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं येऊ शकतं.

आता बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा. ४.७ जीबीच्या डिस्कसाठी सोपा हिशोब: ६०० ला मिनिटांनी भागा, उत्तर सेकंदाला मेगाबिटमध्ये येतं. १२० मिनिटांना ५, त्यातले ०.२ आवाजाला, उरलेले ४.८ चित्राला. १८० मिनिटांना जेमतेम ३.३, म्हणजे मांडवातल्या गर्दीत चेहरे पुसट होणार. दोन डिस्क करा. उलट ६० मिनिटांना १० येतात, पण ८ वर थांबा. डीव्हीडी-व्हिडिओची कमाल मर्यादा चित्र-आवाज मिळून १०.०८ आहे आणि तिच्या जवळ गेलं की घरच्या डिस्कवर जुने प्लेअर अडखळतात.

डीव्हीडीस्टायलरमध्ये नवा प्रोजेक्ट करताना क्षमता ४.७ जीबी, फॉरमॅट पाल, प्रमाण १६:९, ऑडिओ एसी३ निवडा. बिटरेट ‘ऑटो’ ठेवला तर हिशोब तेच करतं, पण आकडा एकदा पडताळा. मेनू नको असेल तर ‘नो टेम्प्लेट’. फाइल खालच्या पट्टीत ओढून टाका. मेनू केलाच तर अक्षरं कडेपासून आत ठेवा, जुना टीव्ही कडा खातो. माणसं लांबुडकी किंवा बसकी दिसली तर प्रमाण चुकलंय. उभ्या व्हिडिओला दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, ते ताणू नका.

थेट बर्न न करता आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) तयार करा आणि ती व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मध्य आणि शेवट तपासा. आवाज सरकला असेल तर इथेच कळतं, डिस्क वाया जात नाही. मग आयएमजीबर्नमध्ये ‘राइट इमेज फाइल टू डिस्क’, वेग ४ एक्स किंवा ८ एक्स, ‘व्हेरिफाय’वर (लिहिलेलं तपासण्याचा पर्याय) खूण. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर डिस्क घ्या. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू अनेक प्लेअर वाचत नाहीत. व्हेरिफाय अडकलं तर वेग कमी करून दुसऱ्या कंपनीची डिस्क वापरा. आयएसओ जपून ठेवली की पुढच्या प्रतीला फक्त बर्निंगचाच वेळ.