मांजराच्या पिल्लाला फेलाइन ल्युकेमिया निघालाय? मग या चुका टाळा

पिल्लाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरात बहुतेक दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर सगळे खचतात आणि आता काय उपयोग म्हणून पिल्लाला कोपऱ्यात ठेवून देतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर जो कोणी जे सांगेल ते सगळं सुरू करतात, हळद काय, तुळशीचा रस काय, माणसांच्या गोळ्या काय, कुणाच्या तरी कुत्र्याचं उरलेलं टॉनिक काय. दोन्हीकडे पिल्लू हातचं जातं, आणि वाईट याचं वाटतं की बरेचदा ते रक्त कमी झालेलं कुणी बघितलं नाही म्हणून जातं, दोन दिवस उपाशी राहिलं म्हणून जातं, पिसवांमुळे जातं. व्हायरस अंगातून काढून टाकणारं औषध नाही हे खरंय. पण खाणं, ऊब, पिसवा, दुसरी इन्फेक्शन्स हे सगळं आपल्या हातात असतं आणि पिल्लाचे पुढचे महिने त्यावरच ठरतात. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे लोक विचारतात तेव्हा त्याच त्याच चुका समोर येतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी आजाराबद्दल थोडं. हा व्हायरस, ज्याला थोडक्यात फेलव्ही म्हणतात, १९६४ मध्ये ग्लासगोला विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. नावात ल्युकेमिया असला तरी प्रत्येक पिल्लाला रक्ताचा कॅन्सर होतोच असं नाही, जास्त करून हाडांतला मगज रक्त बनवायला कमी पडतो आणि प्रतिकारशक्ती ढासळते, मग साधी सर्दी, जुलाब, तोंडातल्या जखमा काही केल्या बऱ्या होत नाहीत. काहींना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, होतो. पसरतो तो लाळेतून, नाकातल्या पाण्यातून, एकमेकांना चाटल्याने, एका ताटलीत खाल्ल्याने, चावल्याने, आणि आईकडून पोटात असताना किंवा दुधातून. माणसाला होत नाही. कुत्र्याला, गाईम्हशीला पण नाही. घरात लहान मूल आहे म्हणून पॉझिटिव्ह पिल्लू मासळी बाजारात सोडून येणारे लोक आहेत, तसं कृपा करून करू नका, तिथे ते उपाशी मरतं आणि मरायच्या आधी तिथल्या मांजरांना पण देऊन जातं.

एका पट्टीवरून निकाल लावणं

दवाखान्यात करतात ती स्नॅप टेस्ट म्हणजे रक्ताचे थोडे थेंब आणि दहाएक मिनिटं. ती व्हायरसचं प्रोटीन शोधते, त्यामुळे पिल्लू कितीही लहान असलं तरी चालते. त्याच किटवर एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा व्हायरस) पण टेस्ट असते आणि ती मात्र अँटिबॉडी बघते, आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडीमुळे लहान पिल्लात ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि "लहान पिल्लांची टेस्ट चुकतेच" म्हणून फेलव्हीचा रिझल्ट पण सोडून देतात. सोडू नका. पण एका पॉझिटिव्हवर शेवटचा निर्णय पण घेऊ नका. डॉक्टरांना सांगून रक्त लॅबला पीसीआरसाठी (व्हायरसची जनुकं शोधणारी टेस्ट) पाठवा आणि दीड-दोन महिन्यांनी टेस्ट परत करा, कारण काही मांजरांचं शरीर हा व्हायरस दाबून टाकतं आणि ती पुढे बऱ्यापैकी नॉर्मल जगतात. ज्यांच्यात तो दाबला जात नाही त्यांच्यातली पण बरीच मांजरं निदानानंतर अडीच-तीन वर्षं काढतात, लहान पिल्लांना त्यापेक्षा कमी वेळ मिळतो हे पण खरं. जे पिल्लू खातंय, खेळतंय, अंगावर येऊन झोपतंय त्याला नुसती पट्टी बघून कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायची घाई कशाला? पिल्लाला त्रास असह्य झाला तर तो विषय डॉक्टरांशी शांतपणे बोलायचा असतो, टेस्टच्या दिवशी नाही.

आणि उलटं पण होतं. कालपरवाच पॉझिटिव्ह मांजराच्या संपर्कात आलेलं पिल्लू आज निगेटिव्ह दाखवू शकतं. त्याची पण परत टेस्ट, तोपर्यंत बाकीच्यांत मिसळू द्यायचं नाही.

हिरड्या न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. रोज सकाळी दिवसाच्या उजेडात पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा, गुलाबी हवी. फिकट दिसली, पांढरी कागदासारखी दिसली तर रक्त कमी झालंय, पिवळी दिसली तर कावीळ. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची जीभ आणि खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. रक्त कमी झालेलं पिल्लू नुसतं पडून असतं, झोपेत पण भराभर श्वास घेतं, आणि काही पिल्लं माती खातात, लिटर चघळतात, आपल्याकडच्या घरांत तर चिऱ्याची भिंत चाटत बसतात. लोक म्हणतात याला मीठ कमी पडलं असेल. नाही हो, रक्त तपासा त्याचं.

इथे सगळे जण करतात ती गोष्ट म्हणजे मेडिकलमधून लोहाचं टॉनिक आणणं. फेलव्हीमध्ये बरेचदा लोह असतं पण मगज रक्त बनवत नाही, त्यामुळे टॉनिक पाजून आठवडा वाया जातो. पिसवांनी रक्त प्यायलेलं असेल तर लोह कमी असू शकतं, पण ते डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगा आणि सोबत रक्ताची स्लाइड बघून हिमोट्रॉपिक मायकोप्लाझ्मा आहे का तेही विचारा. हा लाल पेशींना चिकटणारा जंतू आहे, पिसवांमुळे पसरतो असं मानतात, फेलव्हीच्या पिल्लात तो असला तर रक्त झपाट्याने उतरतं, पण त्यावर डॉक्सिसायक्लिन हे औषध आहे. म्हणजे ज्याला आपण ल्युकेमियामुळे आता संपलं म्हणतो त्यातला एक भाग बरा होण्यासारखा असतो! फक्त डॉक्सिसायक्लिनची गोळी मांजराला कोरडी देऊ नका, ती अन्ननलिकेत अडकून जखम करते आणि मग नळी आकसून पिल्लाला गिळताच येत नाही. गोळी दिली की लगेच सिरिंजने पाच-सहा मिली पाणी किंवा थोडं ओलं खाणं.

रक्त चढवायची वेळ आलीच तर मांजरांचे ए, बी आणि एबी असे ग्रुप असतात, आणि त्यांच्या अंगात दुसऱ्या ग्रुपविरुद्ध अँटिबॉडी आधीपासूनच असतात, त्यामुळे पहिल्याच वेळेला पण ग्रुप न बघता शेजारच्या बोक्याचं रक्त चालत नाही. रक्त देणारं मांजर फेलव्ही निगेटिव्ह पण हवं.

पिसवा आणि चुकीची औषधं

आपल्या दमट हवेत पिसवा बाराही महिने असतात आणि छोट्या पिल्लाचं रक्त त्या एकट्याच पिऊन टाकू शकतात. पण कुत्र्याच्या मानेवर घालायचं औषध थोडं कमी करून मांजराला घालणं हा जीवघेणा प्रकार आहे, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला थरथर सुटते, फिट येतात. खोबरेल तेलात कापूर, डेटॉलचं पाणी, रॉकेल, हे पण नको, पिल्लू अंग चाटतं आणि सगळं पोटात जातं. अगदी लहान असेल तर बारीक फणी आणि साबणाच्या पाण्याचा वाडगा, पिसू निघाली की पाण्यात, रोज बसून करायचं. औषध हवं असेल तर किचनच्या काट्यावर वजन करून डॉक्टरांना सांगा आणि वजनाप्रमाणे घ्या.

ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी, क्रोसिन असो की डोलो, पाव तुकडा पण नाही!! मांजराचं शरीर ते पचवूच शकत नाही, लाल पेशी खराब होतात, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा सुजतो, ५०० मिलीग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते, इथे तर आधीच रक्त कमी असलेलं पिल्लू आहे. कुणी चुकून दिलीच असेल तर लाजू नका, ताबडतोब दवाखाना गाठून किती वाजता किती दिली ते खरं सांगा, यावर उतारा असतो पण वेळेत द्यावा लागतो. मांजराचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं, आपल्या हाताला ते गरमच लागतं, म्हणून हात लावून ताप ठरवू नका. चाळीसच्या वर गेलं तर डॉक्टर. सदतीसच्या खाली गेलं तर त्याहून जास्त घाईने.

शीत-हुमण घालणं

आपल्याकडे मांजर म्हणजे ताटातलं उरलेलं शीत (भात) आणि हुमण (माशाची आमटी), वर माशाचं डोकं. धडधाकट मांजर त्यावर वर्षानुवर्षं जगलेलं आपण बघतो म्हणून पटत नाही, पण हुमणात कांदा असतो, बऱ्याच घरांत लसूण पण असते, आणि कांदा-लसूण मांजराच्या लाल पेशी फोडतात, शिजवलेले असले तरी. ज्याला रक्ताचीच कमतरता आहे त्याला हे रोज? शिवाय मिरची, मीठ, चिंच किंवा सोलं (कोकम). पिल्लासाठी मासा वेगळा काढून नुसत्या पाण्यात उकडा, काटे काढा, मीठ नको. बाजारातून आणलेले कच्चे तारले, कोंबडीचे कच्चे तुकडे, कच्चं अंडं बंद, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पिल्लाला त्यातले जंतू झेपत नाहीत आणि काही कच्च्या माशांत बी-१ व्हिटॅमिन नष्ट करणारा घटक पण असतो. नुसत्या माशावर पिल्लू वाढत नाही, मुख्य खाणं पिल्लांसाठीचं कॅटफूडच हवं. गाईच्या दुधाने जुलाब होतात.

खात नसेल तर आधी कारण शोधा. ताटलीपर्यंत येतं, वास घेतं, तोंड लावतं आणि मागे फिरतं, लाळ गळते, याचा अर्थ तोंडात जखमा आहेत आणि दुखतंय. त्याला नखरे म्हणू नका, डॉक्टरांकडून दुखण्याचं औषध घ्या. नाक चोंदलं असेल तर वास येत नाही म्हणून खात नाही, नाक कोमट ओल्या कापसाने पुसा आणि खाणं अंगाच्या उबेइतकं कोमट करून द्या, नुसत्या एवढ्यानेच कितीतरी पिल्लं खायला लागतात. सिरिंजने भरवताना मान वर करून मधोमध ढकलू नका, फुफ्फुसात जातं. पिल्लू पोटावर बसलेलं, सिरिंज तोंडाच्या बाजूने, एका वेळी थोडंसं, गिळलं की पुढचं. आणि पिल्लू गार पडलं असेल तर भरवायचंच नाही, आधी कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, ऊब आली की मग. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू अर्धा दिवस काहीच खात नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पावसात हे जास्तच. जून ते सप्टेंबर अंथरूण ओलसर राहतं, ते रोज बदला, उघडं ठेवलेलं ड्राय फूड सादळून बुरशी धरते म्हणून घट्ट डब्यात ठेवा.

लसीबद्दलचा गैरसमज

"ट्रायकॅट दिलंय ना, मग कसं झालं?" हे हमखास ऐकायला येतं. आपल्याकडे मिळणारी थ्री-इन-वन लस पॅनल्युकोपेनिया, कॅलिसी आणि हर्पिस यांच्यासाठी असते, फेलव्हीसाठी नाही. पॅनल्युकोपेनिया हा वेगळाच आजार आहे, नाव सारखं वाटतं एवढंच. फेलव्हीची लस वेगळी असते, आणि जे आधीच पॉझिटिव्ह आहे त्याला तिचा उपयोग नाही. पिल्लू तापात किंवा अशक्त असताना कुठलीच लस नको, ते सावरलं की काय आणि कधी द्यायचं ते डॉक्टर बघतील, शक्य असेल तिथे मेलेल्या व्हायरसची. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं म्हणून आता रेबीजची लस नको असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

घरात वेगळं ठेवणं जमत नाही म्हणून सोडून देणं

आपली घरं उघडी, बल्कांवातून (ओसरीतून) आत नि नळ्यांवरून (कौलांवरून) बाहेर, मांजर कुठून कुठे जाईल सांगता येत नाही हे कबूल. पण एक खोली, खिडकीला जाळी, आणि ताटली-पाणी-लिटर वेगळं, इतकं पुरतं. हा व्हायरस बाहेर फार टिकत नाही, काही तासांत मरतो, साबणाने पण मरतो, त्यामुळे गाद्या जाळायची, भांडी फेकायची काहीच गरज नाही. आधी बाकीच्या मांजरांचं खाणंपिणं उरका, मग पिल्लाकडे जा आणि येताना हात धुवा. घरातल्या सगळ्या मांजरांची टेस्ट करून घ्या. मोठ्या मांजरांना धोका कमी असतो, नसतोच असं नाही.

चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळं कुटुंब मूळ घरी जातं तेव्हा औषधं हमखास चुकतात. पिल्लाला गर्दीत, फटाक्यांत घेऊन जाण्यापेक्षा कुणीतरी एकाने मागे राहणं किंवा शेजारच्या काकूंना डोस कागदावर लिहून देऊन एकदा समोर देऊन दाखवणं बरं. स्टेरॉइड चालू असेल तर मधेच बंद करू नका, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू तर अजिबातच नको.

रात्री-अपरात्रीची तयारी आधीच हवी. सत्तरीत किंवा काणकोणात आत राहत असाल तर चांगला दवाखाना लांब पडतो, दिवाडीला असाल तर फेरीच्या वेळा बघाव्या लागतात, म्हणून कुठला दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो, रविवारी कोण बघतं, हे नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि टोपली तयार. तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, अंग गार पडलंय, फिट आलीय, उठता येत नाहीये, यातलं एक जरी दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर विचारत बसू नका, निघा. मांजर कुत्र्यासारखं धापा टाकत नाही, त्याने तोंड उघडलं म्हणजे छातीत पाणी किंवा गाठ असू शकते.

आणि पिल्लू सावरलं, वजन धरायला लागलं की डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या. तोपर्यंत दर आठवड्याला वजन लिहून ठेवत जा, लहान पिल्लाचं वजन एक आठवडा वाढलं नाही तरी फोन करायला ते पुरेसं कारण आहे.