कर्नल बदलला की वायफाय गायब: माझा अनुभव

बेळगावात शहापूरला आमचं डीटीपीचं दुकान, संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली. वायफाय डोंगलचा ड्रायव्हर मी सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधलेला, तो ज्या कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) बांधला त्यावरच चालणार, म्हणून कर्नल अपडेट झाला की नेट बंद. गिऱ्हाईक मराठी-कानडी लग्नपत्रिका घेऊन उभं, आणि मी टर्मिनलात!

ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी या फोल्डरातल्या स्क्रिप्ट (आज्ञांच्या फाइली) नवा कर्नल बसताच रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून आपोआप चालतात, एवढं ठाऊक होतं. तिथं ड्रायव्हर पुन्हा बांधणारी 'वायफाय.एसएच' टाकली, एक्झिक्यूटची परवानगी दिली. ढिम्म! दोन संध्याकाळी वाया. शेवटी रन-पार्ट्स (फोल्डरातल्या स्क्रिप्ट ओळीनं चालवणारी आज्ञा) 'टेस्ट' पर्यायासह चालवून पाहिलं, तर यादीत माझी फाइलच नाही. नावात टिंब असलं की ती सरळ वगळली जाते. (एवढंसं टिंब!) '.एसएच' ही शेपटी छाटली, चालली.

पण ड्रायव्हर बांधला जुन्याच कर्नलसाठी. कर्नलची आवृत्ती मी 'यूनेम -आर' या आज्ञेला विचारत होतो. ते चालू कर्नल सांगणार, नवा रीबूटनंतर येतो. नवी आवृत्ती स्क्रिप्टला पहिल्या आर्ग्युमेंटात (चालवताना सोबत दिलेल्या मूल्यात) मिळते, म्हणजे डॉलर-एक.

स्क्रिप्टच्या शेवटी 'एक्झिट ०' (म्हणजे 'सगळं ठीक' असा निरोप) घातलं, नाहीतर बांधणी फसली की कर्नलचं पॅकेजही अर्धवट लटकतं. चुका लॉगमध्ये जातात, चहा पिताना बघतो.