फायबर काँक्रीटवरच्या आघाताचं मॉडेल: या चुका टाळा

एम८० काँक्रीटचा बीम, त्यात १ टक्का स्टील फायबर, वरून पडणारा हातोडा. एलएस-डायना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधला रन पूर्ण होतो, पण आलेख प्रयोगाशी जुळत नाही. मग बहुतेक जण सगळ्यात आधी इरोजनचा, म्हणजे मॉडेलचा छोटा तुकडा (एलिमेंट) किती ताणला गेल्यावर काढून टाकायचा याचा, आकडा वरखाली करतात. तो शेवटी बघू. आधी हे तपासा.

एम८० म्हणजे १५० मिमी क्यूबची २८ दिवसांची ताकद, ८० मेगापास्कल. मटेरियल कार्डला (सॉफ्टवेअरला काँक्रीटचे गुणधर्म सांगणाऱ्या नोंदीला) हवी असते सिलिंडरची, म्हणजे ८० च्या जागी साधारण ६५. आणि ग्रेडचा आकडा टाकू नका. तुमच्याच क्यूबची सरासरी काढून त्यावरून सिलिंडरची ताकद धरा.

के अँड सी या काँक्रीटच्या तयार मटेरियल मॉडेलला एवढा एकच आकडा दिला तरी बाकीचे पॅरामीटर ते स्वतः काढतं. सोय मोठी आहे, पण ते पॅरामीटर साध्या काँक्रीटचे असतात. फायबरचं खरं काम भेग पडल्यावर सुरू होतं. साध्या काँक्रीटची फ्रॅक्चर एनर्जी (भेग पूर्ण उघडायला लागणारी ऊर्जा) शंभर-दीडशे न्यूटन प्रति मीटर असते, फायबर घातल्यावर ती हजारांत जाते. ताकद वाढवून ही कसर भरून निघत नाही. ताणातलं सॉफ्टनिंगच, म्हणजे भेग उघडताना ताकद कशी उतरते तेच, बदलावं लागतं. त्यासाठी खाच पाडलेल्या बीमची संथ वाकवण्याची चाचणी आधी मॉडेलमध्ये जुळवा, आणि आघाताच्या रनला एलिमेंटचा आकार तोच ठेवा. ही पायरी गाळलेलं मॉडेल मी तरी ग्राह्य धरत नाही.

एकक मिमी, ग्रॅम, मिलिसेकंद असेल तर स्ट्रेन रेट, म्हणजे काँक्रीट ताणलं-दाबलं जाण्याचा वेग, हाही प्रति मिलिसेकंद असतो. या वेगाबरोबर होणाऱ्या ताकदवाढीचा कर्व्ह प्रति सेकंदात दिला, की हजारपटीचा घोळ होतो. मॉडेलला आघात जवळजवळ संथ वाटतो, आणि एररही येत नाही.

दाबातली ताकदवाढ जपून द्या. स्प्लिट हॉपकिन्सन बारवर (वेगवान आघाताच्या चाचणीच्या उपकरणावर) दिसणाऱ्या वाढीत बाजूच्या जडत्वाचा वाटा असतो आणि सॉलिड एलिमेंट तो आपोआप धरतात. पूर्ण कर्व्ह दिला तर तोच परिणाम दोनदा मोजला जातो. अवरग्लास एनर्जी (एलिमेंटच्या खोट्या, फक्त गणितातल्या वाकड्या आकारांवर खर्च झालेली ऊर्जा) इंटर्नल एनर्जीच्या १० टक्क्यांवर गेली असेल, तर निकाल वाचतच बसू नका.

आता हातोड्यावरच्या बलाचा आलेख जवळून बघा. अगदी सुरुवातीला बलाचं उंच टोक येतं, तेव्हा सपोर्टची रिअॅक्शन जवळपास शून्य असते. कधी तर बीमचं टोक क्षणभर वर उचललं जातं. बलाचं ते टोक मुख्यतः बीमच्या जडत्वाचं आहे, ताकदीचं नाही. तुलना करायची ती सपोर्टच्या रिअॅक्शनशी, मधल्या डिफ्लेक्शनशी आणि भेगांच्या जागांशी.

हे सगळं जुळलं की मग इरोजन. एलिमेंट ५ मिमीचं आणि मर्यादा ५ टक्के स्ट्रेनची, म्हणजे भेग पाव मिलिमीटर उघडली की एलिमेंट गायब. पाव मिलिमीटरला फायबर नुकतं ओढ घ्यायला लागलेलं असतं. भेग दोन मिलिमीटर उघडेपर्यंत ते धरून राहायला हवं असेल, तर मर्यादा निदान ४० टक्के हवी.