डिमेन्शिया, पार्किन्सन असलेल्या घरच्या माणसासोबत गाणी कशी ऐकायची

गाणी निवडताना आपली आवड बाजूला ठेवा. साधारण दहा ते तीस वयात ऐकलेलं डोक्यात सगळ्यात घट्ट बसतं, म्हणजे आईचा जन्म १९४५ चा असेल तर १९५५ ते १९७५ ची गाणी बघा, रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवरची हिंदी पण त्यात आलीच. नुसती सिनेमाची नको, आरत्या, भजनं, ओव्या, शाळेतल्या कविता सगळं चालतं. त्यांना सांगता येत नसेल तर मावशीला, आत्याला, जुन्या शेजाऱ्यांना फोन करून विचारा.

अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या (स्मृती आणि समज कमी होत जाण्याच्या) सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, माणसांची नावं जातात, सकाळी काय खाल्लं ते जातं, पण ओळखीची चाल बऱ्याच जणांत खूप उशिरापर्यंत टिकते. तरी "सांग बरं हे कोणी गायलंय" अशी परीक्षा प्लीज घेऊ नका, आठवलं नाही की चेहरा पडतो आणि तो बघवत नाही. त्यापेक्षा तुम्हीच पहिली ओळ म्हणा आणि जरा थांबा, कधी कधी पुढची ओळ त्यांच्याकडून येते, नाही आली तर तुम्हीच गात राहा, सूर गेला तरी चालेल. हातात टाळ द्या किंवा हात धरून ठेका धरा.

टीव्ही बंद, कानाचं मशीन लावलेलं, आणि गाणी डाउनलोड केलेली, कारण युट्यूबवर मधेच मोठ्या आवाजात जाहिरात आली की दचकतात. संध्याकाळी बेचैनी वाढत असेल तर ती सुरू व्हायच्या आधीच लावा. दिवसभर मागे वाजत ठेवू नका, त्याचा नुसता गोंगाट होतो. डोळ्यात पाणी आलं तर घाबरू नका, जवळ बसा. अंग आखडलं, हात झटकला, उठून जायला लागले तर लगेच बंद.

पार्किन्सनचं थोडं वेगळं आहे, तिथे आठवणीपेक्षा ठेका जास्त कामाचा. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात तेव्हा ठळक, एकसारखा ठेका बऱ्याच जणांना पाऊल उचलायला मदत करतो, मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप, पण चालतो. वेग मात्र फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या, काहींचं उलट लक्ष विचलित होतं, आणि पडायचा धोका असतो म्हणून सोबत चालाच. आवाज बारीक झाला असेल तर रोज थोडं मोकळ्या आवाजात गायला लावा.

कोणत्या गाण्याला काय झालं ते वहीत लिहा, म्हणजे दिवसा सांभाळायला येणाऱ्या ताईंनाही तीच गाणी लावता येतील.