प्लॅस्टिकच्या कपांचा लटकता दिवा

कप जोडून केलेल्या या गोल दिव्यासाठी एकसारखे, खाली निमुळते होत जाणारे पांढरे कप घ्या, कारण त्या निमुळतेपणामुळेच गोळा आपोआप वळतो, सरळ नळीसारखे कप असतील तर काहीच जमणार नाही. कप आडवे ठेवून तोंडं बाहेर, बूड आत असं एकमेकांना चिकटवत गोल रिंगण करा आणि काठाजवळ स्टेपलर मारा. पिन हळू दाबा बरं का, पातळ कप लगेच तडकतो. मग वरचा थर, प्रत्येक कप खालच्या दोन कपांच्या मधल्या खाचेत बसवायचा, त्याला खालच्या थराशी आणि शेजारच्या कपाशी दोन्हीकडे पिना, दर थराला कप कमी लागतात. असे दोन अर्धगोल करा.

जोडायच्या आधी प्रत्येक कपाच्या बुडाला छोटं भोक पाडून एलईडी माळेचा एकेक दिवा आत सरकवा, वायर मधल्या पोकळीत राहते, प्लग बाहेर. एलईडीच वापरा, साधा बल्ब तापतो आणि प्लॅस्टिक वितळतं, यात तडजोड नकोच! शेवटी दोन्ही अर्धे जोडून नायलॉनच्या दोरीने टांगा, वजन वायरवर अजिबात येऊ देऊ नका.