धूसर दिसलं की मोने, चौकोन दिसला की पिकासो? आधुनिक चित्रशैली ओळखताना या चुका टाळा

आधुनिक चित्रकलेची ओळख करून घेताना बहुतेक जण एक यादी पाठ करतात. धूसर चित्र म्हणजे इम्प्रेशनिझम, भडक रंग म्हणजे फॉव्हिझम, कोनाकोनांचे तुकडे म्हणजे क्यूबिझम, आणि काही विचित्र दिसलं की सर्रिअलिझम. नेहमीच्या प्रसिद्ध चित्रांपुरती ही यादी चालते, अनोळखी चित्र समोर आलं की फसते. चित्र कसं दिसतं एवढंच तिच्यात असतं; चित्रकार कशाच्या मागे लागला होता, हे तिच्यातून सुटतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

धूसरपणावरून इम्प्रेशनिझम ठरवणं

१८७४ साली मोने, रेन्वार, पिसारो, देगा, बर्थ मोरिसो वगैरे मंडळींनी पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्राच्या नावावरून लुई लरॉय या समीक्षकानं त्यांची टर उडवली आणि तेच नाव चळवळीला चिकटलं. या चित्रकारांना त्या त्या घटकेचा उजेड पकडायचा होता. कडा पुसट होतात त्या या धडपडीत.

म्हणून आधी सावल्या बघा. सावली काळपट-तपकिरी आहे की निळी, जांभळी, हिरवट? बर्फावरच्या सावलीत निळा रंग आलाय का? रंग पॅलेटवर घोटून एकजीव केलाय, की सुटी सुटी ठिगळं शेजारी ठेवलीत? या प्रश्नांची उत्तरं धूसरपणापेक्षा कितीतरी जास्त भरवशाची असतात.

'इम्प्रेशन, सनराइज'वर एक प्रयोग जरूर करा. त्याचा फोटो मोबाइलवर उघडा आणि कृष्णधवल करा. तो नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो! सूर्य आणि त्याच्याभोवतीचं करडं-निळं आकाश यांचा उजळपणा मोनेनं जवळपास सारखा ठेवलाय. फरक आहे तो रंगाचा. रंगीत चित्रात सूर्य थरथरल्यासारखा वाटतो तो यामुळेच. इम्प्रेशनिझम कळायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दोन नावांपाशी मात्र सांभाळा. एदुआर मानेनं (हा मोने नव्हे) या गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी एकाही प्रदर्शनात भाग घेतला नाही आणि त्याच्या चित्रांत काळा रंग ठसठशीत असतो. देगा जवळपास सगळ्या प्रदर्शनांत होता, पण उघड्यावर बसून रंगवणं त्याला मानवत नसे आणि त्याची रेषा पक्की असते. सावलीची कसोटी लावून देगाला गटाबाहेर काढू नका.

पोस्ट-इम्प्रेशनिझम ही एक शैली समजणं

हे नाव इंग्रज समीक्षक रॉजर फ्राय यानं १९१० मध्ये लंडनमधल्या एका प्रदर्शनासाठी वापरलं. तोवर सेझान, गोगँ, व्हॅन गॉग आणि स्यरा हे चौघेही हयात नव्हते. हे सगळे इम्प्रेशनिझमच्या वाटेवरून आले आणि पुढे चार दिशांना पांगले. त्यामुळे चौघांना लागू पडेल अशी एकच खूण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. कुंचल्याचा फटकारा बघा.

व्हॅन गॉगचा फटकारा लांब, जाड आणि आकाराच्या वळणानं वाहणारा असतो. १८८९ च्या 'स्टारी नाइट'मध्ये सायप्रसचं झाड वर चढतं तसे फटकारेही वर चढतात, आकाश घुमतं तसे घुमतात. सेझानचे फटकारे आखूड, समांतर, एकमेकांना लागून बसवलेले. त्यांतून डोंगराला, फळाला, टेबलावरच्या कापडाला घडण येते. गोगँकडे फटकारा फारसा दिसतच नाही, तिथे सपाट रंगाचे मोठे भाग आणि भोवती गडद बाह्यरेषा असते. आणि स्यराचे ठिपके तर सगळ्यांना माहीत असतात.

त्या ठिपक्यांवरून आणखी एक गल्लत होते. ठिपके आहेत म्हणून स्यरा आणि रॉय लिक्टेनस्टाइन यांना एका माळेत ओवलं जातं. स्यराचे ठिपके वेगवेगळ्या रंगांचे, एकेक हातानं टेकवलेले. दुरून पाहताना पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते मिसळावेत ही त्यामागची कल्पना. लिक्टेनस्टाइनचे १९६० नंतरचे ठिपके एकाच मापाचे, ओळीनं मांडलेले, कॉमिक्सच्या स्वस्त छपाईची नक्कल करणारे. ती पॉप आर्ट. मधे पाऊणशे वर्षांचं अंतर आहे.

भडक रंग दिसले की लगेच फॉव्हिझम म्हणणं

१९०५ मध्ये पॅरिसच्या शरद प्रदर्शनात मातीस आणि देरँ यांच्या चित्रांनी खळबळ उडवली, आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये किर्शनर आणि त्याच्या मित्रांनी 'डी ब्रुके' हा गट काढला. दोन्हीकडे रंग तितकेच भडक. फरक भावनेत आहे. मातीसच्या 'वुमन विथ अ हॅट'मध्ये बाईच्या चेहऱ्यावर हिरवा, पिवळा, जांभळा रंग आहे, पण ती बाई कसल्या यातनेत नाही; रंगाला मोकळं सोडण्याचा आनंद तिथे आहे, तो फॉव्हिझम. किर्शनरच्या बर्लिनमधल्या रस्त्यांवर माणसं लांबट आणि टोकदार होतात, जमीन कलते, गर्दी अंगावर येते. ती अस्वस्थता म्हणजे एक्स्प्रेशनिझम. ही कसोटी सगळीकडे चालत नाही हेही सांगायला हवं: एक्स्प्रेशनिस्ट कांडिन्स्कीनं जर्मनीतल्या मुर्नाऊमध्ये केलेली १९०८-०९ ची निसर्गचित्रं पाहताना जाणकारांनाही फॉव्ह चित्रकार आठवतात. अशा वेळी चित्र कुठे आणि कधी झालं हे बघण्यात कमीपणा नाही.

कोन दिसला की क्यूबिझम

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं थांबू या.

क्यूबिझम, म्हणजेच घनवाद, पिकासो आणि ब्राक यांनी साधारण १९०८ पासून एकमेकांच्या साथीनं घडवला. त्यांचा प्रश्न असा होता की वस्तू एकाच जागेवरून बघितल्यासारखी का रंगवायची? टेबलावरचा पेला घ्या. बाजूनं पाहिलं तर त्याची उभी आकृती दिसते, वरून पाहिलं तर तोंडाचं वर्तुळ. क्यूबिस्ट चित्रात दोन्ही एकाच वेळी मांडलेलं सापडतं. असं काही सापडलं नाही, नुसते चौकोन-त्रिकोणच दिसले, तर क्यूबिझमचं लेबल लावण्याआधी थांबा.

रंगही मदतीला येतात. १९०९ ते १९१२ या काळातल्या विश्लेषक घनवादात तपकिरी, करडे, मातकट रंगच बहुतांशी दिसतात. पार्श्वभूमी आणि वस्तू एकमेकांत शिरतात. माणूस, गिटार, बाटली शोधून काढावी लागते. याच टप्प्यावरची पिकासोची आणि ब्राकची चित्रं अभ्यासकांनाही वेगळी काढणं जड जातं. १९१२ पासून वर्तमानपत्राचे तुकडे, वॉलपेपर, छापील मेणकापड कॅनव्हासवर चिकटू लागलं, आकार मोठे आणि सोपे झाले, रंग परतले. तपकिरी नाही म्हणून हुआन ग्रीसच्या रंगीत चित्राला क्यूबिझमबाहेर काढू नका.

आता शेजारी. इटलीतल्या फ्युचरिझमचा जाहीरनामा कवी मारिनेत्तीनं २० फेब्रुवारी १९०९ रोजी 'ल फिगारो' या फ्रेंच वर्तमानपत्रात छापला. या चित्रकारांना वेग हवा होता. ज्याकोमो बाल्लाच्या १९१२ मधल्या चित्रात साखळीला बांधलेला एक बुटका कुत्रा मालकिणीसोबत चालतोय; त्याचे पाय, शेपूट, साखळी, मालकिणीची पावलं, सगळं अनेकदा एकावर एक काढलंय. घनवादात पाहणारा वस्तूभोवती फिरतो, फ्युचरिझममध्ये वस्तूच पळते. दुशाँचं 'न्यूड डिसेंडिंग अ स्टेअरकेस' (१९१२) या दोहोंच्या बरोबर सीमेवर आहे. त्याला एकाच कप्प्यात कोंबण्याचा अट्टाहास नको.

मोंद्रियान आणि मालेविच यांची प्रसिद्ध चित्रं तर क्यूबिझमच्या घरातली नाहीतच. त्यांत ओळखू येईल अशी वस्तूच उरलेली नाही. दोघांना एकमेकांपासून वेगळं करायचं असेल तर दिशा बघा. मोंद्रियानच्या काळ्या रेघा आडव्या किंवा उभ्याच असतात, चौकोन त्यांत घट्ट बसलेले. तिरप्या रेघेच्या वापरावरून त्याचं थिओ व्हान दूसबुर्ख या साथीदार चित्रकाराशी बिनसलं, इतका तो याबाबत काटेकोर होता. मालेविचचे आकार मात्र बऱ्याचदा पांढऱ्यावर तिरपे होऊन तरंगतात.

विचित्र म्हणजे सर्रिअलिझम

१९१६ मध्ये झुरिकच्या कॅबरे व्होल्तेअरमध्ये सुरू झालेली 'दादा' ही चळवळ पहिल्या महायुद्धाच्या संतापातून आली. तर्क, अभिरुची, कलेचा मान यांनाच तिनं सुरुंग लावला. कवी आंद्रे ब्रताँचा सर्रिअलिझमचा जाहीरनामा १९२४ चा, आणि त्याचा शोध स्वप्नांचा, अबोध मनाचा. चित्र तुमची खोडी काढतंय की तुम्हाला स्वप्नात ओढतंय, हा प्रश्न बहुतेक वेळा कामी येतो.

शिवाय सर्रिअलिझमचा हात एकच नाही. दाली, माग्रीत गुळगुळीत, तपशीलवार रंगवतात. मिरो, मासाँ यांच्याकडे रेषा आपसूक भटकत जाते. दालीची वितळती घड्याळं डोक्यात ठेवून मिरोपुढे उभं राहिलात तर चळवळ ओळखू येणार नाही. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं नावही इथे सर्रास घेतलं जातं. ब्रताँनं तिला आपल्यात धरलं, पण आपण स्वतःचं वास्तव रंगवतो अशी तिची भूमिका होती, आणि ती लक्षात ठेवणं मला रास्त वाटतं.

एक चित्रकार, एक चळवळ असं गणित मांडणं

सही वाचली आणि शैली ठरली, असं होत नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात फाँतेनब्लोमध्ये पिकासोनं 'थ्री म्युझिशियन्स' हे कागद कापून लावल्यासारखं सपाट क्यूबिस्ट चित्र केलं, आणि त्याच मुक्कामात 'थ्री विमेन अॅट द स्प्रिंग' हे भारदस्त, शिल्पासारख्या गोलाईच्या बायकांचं चित्रही केलं. तारीख एक, हात एक, भाषा दोन. मोंद्रियाननंही आधी झाडं, पवनचक्क्या, नदीकाठ रंगवले होते.

स्क्रीनवर सगळी चित्रं एकाच मापाची समजणं

दालीचं घड्याळांचं चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे. पोलॉकचं १९५० मधलं 'वन: नंबर ३१' पाच मीटरहून लांब. फोनवर दोन्ही सारखीच दिसतात आणि अॅब्स्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझमचा, म्हणजे पोलॉक, रॉथको यांच्या अमूर्त चळवळीचा, गाभाच निसटतो, कारण पोलॉकनं कॅनव्हास जमिनीवर अंथरून, भोवती फिरत, वरून रंग ओघळवला होता. रॉथकोचे रंगाचे पट्टेही माणसाला वेढतील एवढे मोठे केलेले आहेत. बोटाएवढ्या चित्रात ते डिझाइनसारखे वाटतात. म्हणून चित्राखालची मापं आधी वाचा आणि तेवढी जागा समोरच्या भिंतीवर हातानं दाखवून बघा.

मग संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठं करून बघायची सोय असेल तर कडांपासून सुरुवात करा. मालेविचच्या १९१५ मधल्या 'ब्लॅक स्क्वेअर'चा लहान फोटो छापील काळ्या चौकोनासारखा दिसतो. मोठा केला की त्याच्या बाजू चौकटीला नेमक्या समांतर नाहीत हे कळतं, काळ्यावर तडे दिसतात, आणि तड्यांतून खालचे वेगळे रंग डोकावतात.