हॉस्पिसला ऑपेरा गायिका आश्रयदाती म्हणून लाभली तर : पत्रापासून खाटेजवळच्या गाण्यापर्यंत

एखादी ऑपेरा गायिका हॉस्पिसची, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेची, आश्रयदाती व्हायला तयार झाली की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी मोठी मैफल येते. पण तिची पहिली भेट वॉर्डात व्हायला हवी, आणि तीही न गाता. त्यासाठी तासभर पुरतो. औषधं देण्याची वेळ, रात्रपाळीची नोंदवही, नातेवाईक ज्या खुर्चीत रात्र काढतात ती खुर्ची, हे सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं असेल तर पुढे रंगमंचावरून देणगी मागताना तिला हातात कागद धरावा लागत नाही.

तोंडी होकारावर काम सुरू करू नका. एका पानाचं पत्र करा. हे पद मानाचं आहे, विश्वस्त मंडळात मत नाही, आर्थिक निर्णयांची जबाबदारीही नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. मुदत तीन वर्षांची ठेवा. आजन्म पद देऊ नये, कारण गायिकेचा मुक्काम हलला किंवा उत्साह ओसरला तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं आणि विषय कोणीच काढत नाही. वर्षाला एक मैफल, वॉर्डात दोन भेटी आणि एक ध्वनिमुद्रित आवाहन, यापेक्षा जास्त मागू नका. प्रवासखर्च कोण देणार, नाव आणि फोटो वापरण्याआधी कोणाची परवानगी घ्यायची, आणि कारण न सांगता महिन्याच्या सूचनेवर दोघांपैकी कोणीही थांबू शकतं, हेही त्याच पानावर यायला हवं.

तारखांचं गणित वेगळंच असतं. नामवंत गायिकांचे प्रयोग दोन-तीन वर्षं आधी ठरलेले असतात. नव्या निर्मितीच्या तालमी चार ते सहा आठवडे चालतात आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी बहुतेक जणी आवाजाला विश्रांती देतात. त्यामुळे मैफलीसाठी किमान दीड वर्ष आधी तिच्या एजंटकडे विचारणा करा. वॉर्डातल्या भेटीसाठी दोन प्रयोगांमधला, पण पुढच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशीचा नसलेला, मोकळा दिवस शोधा आणि एक पर्यायी तारीख हाताशी ठेवा. अनेक करारांत अशी अट असते की अमुक दिवसांत, अमुक अंतरात दुसरा जाहीर कार्यक्रम करायचा नाही. ती अट आहे का, हे पोस्टर छापायच्या आधी विचारा.

आता मुख्य काम, म्हणजे खाटेजवळचं गाणं. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या चांगल्या हेतूनं होतात.

ऑपेराचा आवाज मायक्रोफोनशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून घडवलेला असतो. पूर्ण आवाजात एक मीटर अंतरावर तो १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. शिवाय त्याची धार ज्या पट्ट्यात असते, साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास, तिथेच माणसाचा कान सर्वांत संवेदनशील असतो. लहान खोलीत, गुळगुळीत भिंतींमध्ये तो आवाज कानावर आदळतो. म्हणून गायिकेनं खाटेशी नव्हे, दाराच्या चौकटीत उभं राहावं. तीन-चार मीटर अंतर मिळालं तर उत्तम. तोंड रुग्णाकडे न ठेवता पडद्याकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवावं, कारण आवाजातली धार समोरच्या दिशेनं जास्त जाते. तोंड वळवलं की गोडवा राहतो, टोचणं कमी होतं.

पट्टी नेहमीपेक्षा दोन-तीन अर्धस्वर खाली घ्यावी आणि गाणं मधल्या सप्तकातलंच निवडावं. उंच स्वर हळू लावायला पूर्ण आवाजापेक्षा जास्त दमसास लागतो. दमलेल्या गायिकेचा असा स्वर कापरा होतो आणि ऐकणाऱ्यालाही ताण जाणवतो. सुरुवात मिटल्या ओठांच्या गुणगुणण्यानं करावी, शब्द दुसऱ्या ओळीपासून. आवाज तापवायचं काम गाडीत किंवा लांबच्या एखाद्या खोलीत उरकून यावं. अर्धवट झोपेतल्या माणसाला कॉरिडॉरमधून वर चढत जाणारे ते आलाप भीतिदायक वाटू शकतात.

कोणाच्या खोलीत जायचं ते सिस्टर ठरवतील. त्यांना काही गोष्टी आधीच विचारून ठेवा. सिस्प्लॅटिनसारखं कर्करोगावरचं औषध घेतलेल्यांना उंच स्वर कमी ऐकू येणं किंवा कानात सतत आवाज येणं हा त्रास असू शकतो. त्यांच्यासाठी खालच्या सुरातलं गाणं बरं. श्रवणयंत्र मोठ्या आवाजात शिटी मारतं किंवा सूर फाटल्यासारखा ऐकवतं. त्यात संगीतासाठी वेगळी सोय असेल तर ती सुरू करून घ्यावी. तोंडानं घेतलेल्या मॉर्फिनचा (वेदनाशामकाचा) परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून औषध दिल्या दिल्या जाऊ नये. ज्यांना भ्रम होतोय किंवा खूप धाप लागली आहे त्यांच्याकडे त्या दिवशी जायचं नाही.

रुग्णाची परवानगी सकाळी एकदा आणि आत शिरण्यापूर्वी पुन्हा एकदा घ्या. विचारणारी व्यक्ती सिस्टरच असावी. प्रसिद्ध पाहुणी दारात उभी असताना ‘नको’ म्हणणं फार जड जातं. नातेवाइकांची हौस म्हणजे रुग्णाचा होकार नव्हे.

एका खोलीत जास्तीत जास्त दोन गाणी, सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. एका भेटीत चार खोल्या पुरेत. गाणं संपल्यावर लगेच बोलू नये, टाळ्याही नकोत. त्यानंतरची शांतता हाही त्या भेटीचा भाग असतो. कपाळावर आठी, आवळलेली मूठ, वाढलेला श्वास, वळवलेली मान दिसली की ओळ पूर्ण करून थांबावं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मात्र घाबरून तोडू नये. आवाज खाली आणावा, सिस्टरकडे पाहावं आणि त्यांच्या खुणेप्रमाणे करावं. निपचित पडलेल्या माणसालाही ऐकू येत असेल असं धरूनच खोलीत बोलावं.

घसा खवखवत असेल किंवा सर्दी असेल तर भेट रद्द. उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यानंतर किमान ४८ तास जाऊ द्या. अत्तर, सुगंधी फवारा काहीही नको, मळमळणाऱ्या माणसाला त्याचा फार त्रास होतो. अंगठ्या काढून हात धुवायचे, आणि प्रत्येक खोलीनंतर पुन्हा.

गाण्यांची यादी करताना चाल नव्हे, शब्द वाचा. परक्या भाषेमुळे इथे हमखास फसगत होते. पुच्चिनीचं ‘ओ मिओ बाब्बिनो कारो’ लाडिक वाटतं, पण त्यातली मुलगी ‘मला मरावंसं वाटतं’ असं म्हणते. त्याच्याच ‘तोस्का’ या ऑपेरामधलं ‘ए लुचेवान ले स्तेल्ले’ तर ‘मी हताश होऊन मरतोय’ इथवर जातं. पर्सेलच्या ऑपेरातल्या डायडो राणीचं विलापगीत मरणाच्या उंबरठ्यावरचंच आहे. अशी गाणी कायमची वर्ज्य नाहीत. एखाद्या रुग्णानं नाव घेऊन मागितलं तर जरूर गावं, आपणहून मात्र निवडू नये. हँडेलचं ‘ओंब्रा माई फू’ इथे फार उपयोगी पडतं. सुमारे तीन मिनिटांचं, संथ, आणि विषय म्हणजे झाडाची सावली. पण त्याहूनही मोलाचं असतं रुग्णाच्या तरुणपणातलं एखादं साधं गाणं. त्याची चौकशी भेटीच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे गायिकेला ते बसवायला वेळ मिळतो.

फोटोसाठी रुग्णाची लेखी संमती वेगळी घ्या आणि निधनानंतर तो वापरायचा का, हेही त्याच कागदावर विचारा. शंका असेल तर कॅमेरा खोलीबाहेरच ठेवा.

मैफलीबद्दल थोडक्यात. साथीच्या पियानोवादकाला मानधन द्या; आश्रयदाती विनामूल्य गाते म्हणून त्यानंही तसंच वाजवावं असं होत नाही. पियानो त्याच दिवशी, सभागृह कार्यक्रमाच्या वेळेइतकं उबदार किंवा थंड असताना सुरात लावून घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत तो उतरतो. गायिकेचा गळा कधीही बसू शकतो, म्हणून तिच्याच ओळखीतली दुसरी गायिका आधी सांगून ठेवा आणि ‘कलाकार बदलू शकतात’ हे तिकिटावर छापा. आवाहन दोन मिनिटांचं, मध्यंतराआधीच्या शेवटच्या गाण्यापूर्वी. कार्यक्रम संपल्यावर केलं तर लोक उठून चपला-छत्र्या शोधत असतात. अमुक एका देणगीत रात्रपाळीच्या सिस्टरचा किती तासांचा पगार निघतो, हे हिशेबनिसाकडून आधी काढून घ्या आणि तोच एक आकडा गायिकेला पाठ करायला द्या. खर्च वजा जाता हाती आलेली रक्कम आठवडाभरात तिला कळवा, आणि त्याच पत्रात वॉर्डातल्या पुढच्या भेटीची तारीख विचारा.